पोलिसांनी परत दिलेला डबा

पोलीस आले तेव्हा आई मशेरी भाजत होती. तंबाखूची पानं तव्यावर काळी होईपर्यंत परतायची, धूर अंगावर आला की पदर नाकाला लावायचा, आणि पानं कुरकुरीत झाली की खाली उतरवून चुरायची, हे तिचं दर आठवड्याचं काम. चुरा बारीक कुटून, फडक्यातून चाळून ती एका गोल पत्र्याच्या डब्यात भरायची. त्या सकाळी पानं अजून तव्यावरच होती. कुत्रा भुंकला, फाटक वाजलं आणि पोलीस विचारल्याशिवाय अंगणात आले.

त्यांच्यातला मोठा क्रेओलमध्ये, म्हणजे बेटावरच्या बोलीत, म्हणाला की या घरात गांजा आहे अशी खबर आहे, सगळ्यांनी बाहेर उभं राहायचं. आमचं घर कांप दे मास्क गावातलं, उसाला लागून. दोन खोल्या, स्वयंपाकघर वेगळं, मागे वारांग म्हणजे पडवी, त्यापलीकडे गोठा आणि भाजीचा तुकडा. लपवायला जागा ती कितीशी असणार? तरी त्यांनी तांदळाचं पिंप जमिनीवर ओतलं, गाद्या उसवल्या, बांचे, म्हणजे वडिलांचे, कामावर जायचे बूट उलटे करून आपटले. देव्हाऱ्यापाशी मात्र ते थांबले. मोठ्या पोलिसानं टोपी काढली आणि तो कोपरा तसाच सोडून दिला.

खिडकीत आईचा डबा होता. एका तरुण शिपायानं झाकण उघडून नाक आत घातलं आणि त्याला अशी शिंक आली की बाकीचे हसू लागले. तो ओशाळून म्हणाला, "मो ग्रानमेर ओसी एना सा." माझ्या आजीकडेपण हे असतं. झाकण घट्ट बसवून त्यानं डबा दोन्ही हातांनी आईला परत दिला. घराची एवढी नासधूस चाललेली असताना तो मुलगा आपल्याच आजीशी बोलल्यासारखा आईसमोर जरासा वाकला, हे मला आजही स्वच्छ दिसतं.

गांजा भाजीच्या तुकड्यात मक्याच्या आड सापडला. झाडं काकाची होती. काका म्हणजे बांचा धाकटा भाऊ. लग्न केलेलं नव्हतं, उसाच्या कामाला जायचा आणि संध्याकाळी गोठ्यामागे बसून चिलीम ओढायचा. हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी त्यावर बोलत नसे. पोलिसांनी झाडं मुळासकट उपटली, काकाच्याच हातात दिली आणि त्याला ती उचलून मोठ्या रस्त्यावरच्या गाडीपर्यंत चालवत नेलं. वाटेच्या दोन्ही बाजूंना सगळं गाव उभं होतं. आई आत आली, तव्यावरची करपलेली पानं फेकून दिली आणि नवी पानं घालून पुन्हा भाजायला बसली.

काकानं बो बासेंच्या तुरुंगात काही महिने काढले. तो परत आला तेव्हा आईनं त्याच्यासाठी बुतिकमधून, म्हणजे गावच्या दुकानातून, इनॅमलची एक थाळी आणून ठेवली होती. पांढरी, निळ्या काठाची. ती मागच्या वारांगात खिळ्याला टांगलेली असायची. काकानं तिथंच बसायचं, तिथंच जेवायचं-निजायचं, थाळी स्वतः विसळून परत टांगायची. घराच्या किंवा स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायचं नाही. हे सगळं आईनं त्याला पहिल्याच दिवशी शांतपणे सांगितलं आणि त्यानं मान हलवली. स्वयंपाकघरात बांचं कधीच काही चाललं नाही.

आई दुष्ट नव्हती, हे मला लगेच सांगितलं पाहिजे. गावातल्या कुठल्याही बाळंतिणीकडे रात्रभर बसायला तीच जायची. पण तिचं सगळं जग चोख होतं, आणि त्यात गांजेकस बसत नव्हता. त्यातून माझ्या लग्नाचा घोळ झाला. फिनिक्स गावाहून पाहुणे आले होते, मुलगा सरकारी कचेरीत कारकून. त्याच्या वडिलांनी आणि दोन मामांनी आमच्या पुढच्या खोलीत बसून बांची रमची बाटली तळापर्यंत नेली, कोंबडीचं तोंड भरून कौतुक केलं, आणि बसस्टॉपपर्यंत बांचा आधार घेत गेले. आठवड्यानं निरोप आला की मुलगी चांगली आहे, पण ज्या घरात नशा चालते तिथली सून करता येणार नाही. मी हसत सुटले होते. आई हसली नाही. त्या दिवसापासून ती काकाला वाढताना भात वरून टाकायला लागली, थाळीला पळी लागू नये म्हणून.

आमच्या लोकांत नशा कशाला म्हणायचं हे ठरून गेलेलं होतं. गांजा ही नशा. अफू ही नशा, पण ती चिनी म्हाताऱ्यांची, आपला तिच्याशी संबंध नाही. रम म्हणजे शनिवार. बैठकेत, म्हणजे गावच्या सभाघरात, गांजाच्या विरोधात भाषण करणाऱ्या मंडळींच्या तोंडाला रमचाच वास यायचा, आणि त्यात कुणाला काही वावगं दिसत नसे. सिगारेट म्हणजे नोकरी लागल्याची खूण. आणि मशेरी? मशेरी या यादीत कुठंच नव्हती. ते दात घासणं होतं. आमच्या पणज्या जहाजातून कोकणातून आल्या तेव्हा ती कमरेला बांधून आणली, असं सांगायचे. लग्न झालेल्या बाईनं सकाळी, दुपारी जेवल्यावर, संध्याकाळी आणि निजताना बोटभर लावायची. दात दुखला की पोरींनापण लावायचे. माझी दाढ दुखली तेव्हा आईनं माझ्या हिरडीला लावली होती. घर गरगर फिरलं, मी अंगणात जाऊन ओकले, आणि बायका म्हणाल्या, लागली पोरीला, आता दुखणं पळेल. दुखणं खरंच पळालं होतं.

गांजा चांगला, असं मी म्हणत नाही. काका सकाळी उठला की दाराला धरून खोकायचा, ऐकणाऱ्याची छाती दुखावी असा. सांगितलेलं विसरायचा. एकदा गाय चरायला सोडून तिथंच बसून राहिला आणि गायीनं शेजाऱ्याचा सगळा मका फस्त केला. उसावरच्या सरदारानं, म्हणजे मुकादमानं, त्याला दोनदा कामावरून काढलं होतं. ते चिलमीनं केलेलं नुकसान होतं आणि ते मी डोळ्यांनी पाहिलंय. पण वारांगातली थाळी चिलमीनं टांगली नव्हती.

मोठ्या सिक्लोनच्या, म्हणजे चक्रीवादळाच्या, आधीच्या वर्षी आईनं जेवणात मिरची घालणं बंद केलं. आमच्याकडे कोंफी म्हणजे तिखट लोणचं नसेल तर जेवण सुरू होत नाही, आणि आई तर हिरवी मिरची मिठाला लावून खाणारी. मी विचारलं तर म्हणाली, पित्त झालंय. मग ती गरम चहा निववून प्यायला लागली. मग डाव्या बाजूनं चावेनाशी झाली. हे सगळं माझ्या आधी काकाच्या लक्षात आलं. वारांगात बसून स्वयंपाकघराच्या दारातून त्याला ती जेवताना दिसायची. एक दिवस मी त्याच्या थाळीत डाळ वाढत होते तेव्हा तो खाली बघतच म्हणाला, "तुझ्या आयच्या तोंडात कायतरी हाय. बघ जरा."

आईनं दाखवायला साफ नकार दिला. मी मागे लागले, चिडले, शेवटी तिच्यासमोर जेवायचं बंद केलं तेव्हा तिनं खिडकीपाशी येऊन तोंड उघडलं. डाव्या गालाच्या आत, खालच्या दातांजवळ, जिथं ती रोज बोट फिरवायची नेमकी तिथं, पांढरा चट्टा होता आणि त्याच्या मधोमध लाल, कडा उचललेली जखम. ती म्हणाली, दाताची कड लागते, बरी होईल. आणि माझ्यादेखत बोट डब्यात बुडवून तिनं त्या जखमेवरच मशेरी लावली. डोळे मिटून थोडा वेळ थांबली. मग म्हणाली, आता बरं वाटतं.

पलीकडच्या घरातल्या मावशीला कळलं. ही मावशी आईची जिवलग. अंगानं दांडगी, हिरड्या काळ्याभोर, सगळे दात शाबूत, आणि बोलणं असं की बैठकेतले पुरुष तिला पाहून वाट बदलायचे. ती आपली डबी घेऊन आली. तिचं म्हणणं, आईची मशेरी हल्ली नीट भाजली जात नाही म्हणून जखम भरत नाही, ही लाव, कडक आहे. दुसऱ्या दोघींनीही आपापली आणून दिली. महिनाभर आईच्या खिडकीत डब्यांची रांग होती. जखम पैशाएवढी होती ती वाढली, गालाला बाहेरून गाठ हाताला लागू लागली.

बांना मी सांगितलं. बांनी एक दिवस कामाला दांडी मारली आणि आम्ही तिघं दोन बस बदलून मोठ्या इस्पितळात गेलो. डॉक्टर तरुण होता, नुकताच विलायतेतून शिकून आलेला. तो क्रेओलमध्ये विचारत होता. आईला क्रेओल सगळं समजायचं, पण अनोळखी माणसाला ती मराठीतच उत्तर द्यायची आणि मी मध्ये सांगायची. त्यानं दिवा पेटवून तोंड पाहिलं, गळ्याला हात लावून गाठी चाचपल्या. मग विचारलं, सिगारेट ओढते का? नाही. दारू? नाही. पान खाते? नाही. घरात कुणी गांजा ओढतं का, असंही त्यानं विचारलं, आणि आईचा चेहरा लाल झाला. ती म्हणाली, घरात एक जण आहे, पण मी त्याची सावलीपण अंगावर घेत नाही. मी ते जरा सौम्य करून सांगितलं.

डॉक्टर लिहिता लिहिता थांबला. त्यानं आईचा उजवा हात आपल्या हातात घेतला आणि तर्जनी उजेडात धरली. बोटाचं टोक काळंतपकिरी होतं, नखाखाली काळी रेघ. कितीही घासलं तरी ती जायची नाही. त्यानं बोट नाकाशी नेलं.

"सा, ताबा सा," तो म्हणाला.

हा तंबाखू आहे. आईनं हात ओढून घेतला. तिनं माझ्या उत्तराची वाट पाहिली नाही. "मी तंबाकू नाय खात," ती सरळ त्यालाच मराठीत म्हणाली. "दात घासतंय मी."

त्यानं आवाज चढवला नाही. तो बांकडे वळून म्हणाला की ओढलेला काय नि घासलेला काय, तंबाखू तो तंबाखूच. हा वाईट रोग आहे, पण अजून जागच्या जागी आहे. सोमवारी खाट देतो, कापून काढावं लागेल, आणि आजपासून ते काळं बंद. बंद केलं नाही तर कापलेलंही भरणार नाही. बांनी दोनदा हो म्हटलं. आई तोपर्यंत दाराबाहेर गेली होती.

बसमध्ये ती खिडकीशी बसली, उजव्या हाताची मूठ वळून. उसाचे मळे मागे जात राहिले. घरी पोचल्यावर तिनं पाय धुतले, चूल पेटवली आणि मग माझ्याकडे पाठ करून म्हणाली की त्या पोरानं तिला तिच्या दिराच्या ओळीत बसवलं, ते तिनं ऐकलं, आता पुरे. मी सांगत राहिले की त्यानं तसं म्हटलंच नाही, त्यानं फक्त रोगाचं सांगितलं. पण तिला ते दोन्ही एकच होतं. तंबाखूनं रोग झाला म्हणजे ती नशा करणारी, आणि नशा करणारा वारांगात बसतो, हे तिनं स्वतः ठरवलेलं होतं. मला तिचा इतका राग आला की मी भांडी आपटली. आणि त्या रागाखाली भीती होती. ती मरणार होती आणि तिला अपमानाची पडली होती.

गावात बातमी पसरायला वेळ लागला नाही. मावशीचा निकाल तयार होता. तिच्या सासूनं म्हातारी होऊन वाकेपर्यंत लावली, तिला काय झालं? त्या कालच्या पोराला दाढी तरी आली का? बाकीच्या बायकांनाही तेच बरं वाटत होतं, कारण प्रत्येकीच्या कमरेला डबी होती. सोमवार आला. आईनं उठून नेहमीसारखं अंगण झाडलं, भात घातला, आणि बा कपडे घालून उभे राहिले तरी ती चुलीपासून हलली नाही. बा एकटेच इस्पितळात गेले. हात जोडून त्यांनी पंधरा दिवसांनंतरचा दुसरा सोमवार मागून घेतला. डॉक्टरनं बजावलं की त्यानंतर आपण काही शब्द देऊ शकत नाही.

ते पंधरा दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. आईचा गाल सुजत चालला. बोलताना शब्द जड यायचे. डाळीचं पाणीच फक्त घशाखाली जाई. दुखलं की ती मशेरी लावायची, आणि दुखणं सारखंच असल्यामुळे बोट सारखंच तोंडात. मला रात्री झोप येईना. बा तिला समजावायला जायचे आणि तिनं नुसतं पाहिलं की परत यायचे. एकदा त्यांनी शनिवारची बाटली उघडली आणि एका बैठकीत संपवली. त्यांना कुणी काही म्हटलं नाही. मीपण म्हटलं नाही.

दुसऱ्या सोमवारच्या आदल्या दिवशी सकाळी मी खिडकीतले सगळे डबे उचलले आणि काकाकडे दिले. घरात लपवले असते तर तिनं काढले असते. काकाकडून मात्र ती कधी काही मागणार नव्हती. काकानं मला का म्हणून विचारलं नाही. तो गोठ्याकडे गेला.

दुपारपर्यंत आई शांत होती. मग तिनं खिडकीत पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, मला माहीत नाही. तिनं फळीवरच्या बरण्या काढल्या. मग गाद्या उलटल्या. मग तांदळाचं पिंप आडवं केलं आणि हात कोपरापर्यंत घालून चाचपत राहिली. तांदूळ जमिनीभर झाले. तिचं कपाळ घामानं भिजलं होतं, आणि तोंडातून शिव्या येत होत्या, ज्या मी तिच्याकडून कधी ऐकल्या नव्हत्या. बांचे बूट तिनं उलटे करून आपटले. मी भिंतीला चिकटून उभी होते आणि मला ती सकाळ आठवत होती, खोलीच्या मधोमध उभे असलेले ते पोलीस. ती देव्हाऱ्याकडे वळली. मी नको म्हणायच्या आत तिनं देव बाजूला सारले, खालचं लाल वस्त्र ओढलं, समई कलंडली आणि तेल वाहिलं. त्या कोपऱ्याला तर पोलिसांनीसुद्धा हात लावला नव्हता.

तेवढ्यात काका दारात आला. उंबऱ्यापाशी क्षणभर थांबला आणि मग आत आला. तुरुंगातून सुटल्यापासून पहिल्यांदा तो आत येत होता. त्याच्या हातात आईचा गोल डबा होता.

"वयनी," तो म्हणाला, "बो बासेंत पयले आठ दिस मीपन असाच हुडकत होतो. तितं काय मिलनार? चार भिंती. तरी हुडकत होतो."

आई जमिनीवर बसली होती, हाताला तेल आणि तांदूळ चिकटलेले. "माजी नि तुजी गोष्ट येक नाय," ती म्हणाली.

"येकच हाय. तुला पोलीस धरीत नाय, येवडाच फरक." त्यानं डबा तिच्यासमोर ठेवला. "ही घे. मी लपवनार नाय. लाव. पन मंग आत बसून नको लावू. भायेर ये, माज्या बाजूला बस."

तो परत वारांगात जाऊन आपल्या जागी बसला. मला वाटलं ती डबा त्याच्या अंगावर फेकेल. तिनं तो उचलून छातीशी धरला. मग भिंतीचा आधार घेऊन उठली, उंबरा ओलांडला आणि काकाशेजारी जमिनीवर टेकली. झाकण काढलं. बोट बुडवलं आणि लावलं, भर दुपारी, घराच्या कडेनं फाटकापलीकडचा रस्ता दिसतो त्या जागी बसून. मावशी पलीकडून बघत होती. आईनं मान खाली घातली नाही. तोंडातलं थुंकून झाल्यावर तिनं झाकण लावलं, डबा काकाच्या बाजूला सरकवला आणि मला हाक मारली.

"भात आन," ती म्हणाली. "त्याच्यावानी थाली हाय का दुसरी?"

दुसरी नव्हती. काकानं खिळ्यावरची आपली थाळी काढली, हौदावर जाऊन राखेनं घासली आणि तिच्यापुढे ठेवली. मी मऊ भात डाळीत कालवून आणला. वाढताना पळी थाळीला लागून आवाज झाला आणि आम्ही तिघांनीही तो ऐकला. आईनं एक एक शीत करत खाल्लं. तिचे डोळे वाहत होते, दुखण्यानं की कशानं ते मी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या बसनं ती आमच्याबरोबर इस्पितळात गेली. डबा वारांगातच राहिला.

त्यांनी तिचा डावा गाल आणि जबड्याचा तुकडा काढला. ती घरी आली तेव्हा तोंड एका बाजूला ओढलेलं होतं आणि बोललेलं फक्त घरच्यांना कळायचं. मशेरीला तिनं पुन्हा हात लावला नाही. पहिले काही आठवडे ती रात्री उठून वारांगात जाऊन बसायची आणि काका खोकत खोकत तिच्यासोबत बसायचा. काकानं चिलीम सोडली असं मला म्हणता आलं असतं तर किती बरं वाटलं असतं. त्यानं सोडली नाही, कमी केली. थाळी मात्र त्यानंतर स्वयंपाकघरात आली, बाकीच्या थाळ्यांमध्ये. पुढे सिक्लोननं छप्पर नेलं, आम्ही ते परत घातलं, आणि त्याच्या पुढच्या हिवाळ्यात आईच्या गळ्यात गाठ आली. पहिल्याच सोमवारी गेलो असतो तर वाचली असती का, हे मी त्याच डॉक्टरला विचारलं. तो म्हणाला, सांगता येत नाही. तो खोटं बोलत नव्हता असं मला वाटतं.

आईचं तेरावं झालं. पुरुष पुढच्या अंगणात होते, बायका मागच्या वारांगात. चहा झाल्यावर मावशीनं कमरेची डबी काढली, बोट बुडवलं आणि डबी पुढे सरकवली. डबी हातोहात फिरू लागली. बोलणं आईवर आलं, तिच्या हाताला किती चव होती यावर, आणि मग आवाज खाली गेले. एकजण म्हणाली की बिचारी खंगून गेली, दिराच्या गांजानं खाल्लं तिला. दुसरी म्हणाली, तेच, त्या लाजेचाच रोग झाला, पोलीस आले त्या दिवसापासून ती हसलीच नाही. सगळ्यांनी माना हलवल्या, बोटं तोंडातच ठेवून. काका गोठ्यापाशी गायीला पाणी ठेवत होता. त्याला ऐकू गेलं. तो बादलीवर तसाच वाकून राहिला आणि त्यानं मान वर केली नाही.

माझं डोकं सणकलं. मी उठून उभी राहिले.

"माजी आय गांजानं नाय मेली," मी म्हणाले. "तुमच्या हातात हाय त्यानं मेली."

एका बाईनं डबीचं झाकण लावलं आणि मावशीकडे परत दिली. मावशीनं पदरानं ओठ पुसले आणि माझ्याकडे इतक्या मायेनं पाहिलं की इतका वेळ आवरलेलं रडू मला तिथं फुटलं. पोरीच्या डोक्यात दुःख गेलंय, असं ती बाजूच्या बायकांना म्हणाली. मला हाताला धरून तिनं आपल्याजवळ बसवलं, पाठीवरून हात फिरवला, मांडीवरची डबी पुन्हा उघडली आणि माझ्यासमोर धरली.

"घे बाय," ती म्हणाली. "लाव जरा. बरं वाटंल."